बंद टाकसाळीचा रुपया

माझ्यासमोर टेबलावर दोन रुपये आहेत. दोन्हींवर राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा, दोन्ही चांदीचे. एकावर साल आहे १८९२, दुसऱ्यावर १९०१. आजीच्या पितळी डब्यातून ते माझ्याकडे आले. गेल्या दिवाळीत मी ते आमच्या गल्लीतल्या सराफकाकांकडे घेऊन गेले. त्यांनी एकामागून एक दोन्ही काट्यावर ठेवले. दोन्ही साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. जो किंचित फरक होता, तो झिजेचा. मग त्यांनी दोन्ही फरशीवर टाकून वाजवले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "दोन्ही बंदे आहेत ताई. चांदी सारखी, वजन सारखं. फरक शोधायचा कशाला?"

फरक आहे, पण तो काट्यावर दिसत नाही. १८९२ चा रुपया चांदी होता म्हणून रुपया होता. १९०१ चा रुपया सरकार म्हणत होतं म्हणून रुपया होता, त्यातली चांदी विकली असती तर सोळा आण्यांऐवजी दहा-साडेदहा आणेच हाती आले असते. या दोन नाण्यांच्या मधे एक तारीख आहे, २६ जून १८९३. त्या दिवशी हिंदुस्थानच्या टाकसाळी लोकांना बंद झाल्या.

डिजिटल रुपया, बिटकॉइन, अमेरिकेची जकात यांवर आज जी चर्चा चालते, ती ऐकताना मला हे जुनं प्रकरण सारखं आठवतं. पैसा नेमका कशाचा बनतो आणि तो कुणाच्या हुकमानं बदलतो, जकात दिसते ती किती आणि न दिसणारी किती, हे सगळं या एका प्रकरणात आहे. शिवाय त्यातली बरीच माणसं आणि बरंच सूत मुंबईचं आहे, म्हणून ते आपल्या घरचंही आहे.

उघडी टाकसाळ

पेशवाईत आणि त्यानंतरही बराच काळ आपल्याकडे अंकुशी, चांदवडी अशी कितीतरी नाणी चालायची. प्रत्येकाचा बट्टा, म्हणजे नाणं बदलताना कापली जाणारी रक्कम, वेगळा, आणि तो लावणारा सराफही वेगळा. १८३५ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. लोक रुपयालाच वजन मानू लागले, ऐंशी रुपये ठेवले की शेर झाला.

या रुपयाचं खरं वैशिष्ट्य नाण्यात नव्हतं, टाकसाळीच्या दारात होतं. ते दार सर्वांना उघडं होतं. कुणीही चांदी घेऊन यावं, ठरलेलं शुल्क द्यावं आणि तितक्या वजनाचे रुपये घेऊन जावं. व्यापारी विलायतेहून आलेल्या चांदीच्या लगडी घेऊन येत. दुष्काळ पडला की गावोगावच्या सराफांमार्फत बायकांचे दागिने येत. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमधले वाळे, तोडे, गोट मुंबईच्या टाकसाळीत लोंढ्यानं आले आणि वितळून त्यांचे रुपये झाले. त्या रुपयांनी ज्वारी घेतली गेली.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. शेतकरी बाईच्या पायातली चांदी ही तिची बँक होती, आणि त्या बँकेचा दर कायद्यानं ठरलेला होता. शंभर तोळे चांदी दिली की, कस आणि शुल्क धरून, शंभरेक रुपये परत मिळणार. सावकार अडवू शकत नव्हता, सरकार अडवू शकत नव्हतं. देशात रुपये किती असावेत हे सरकार ठरवत नव्हतंच. ते ठरत होतं जगातल्या खाणींतून चांदी किती निघते यावर.

बिटकॉइनवाल्यांना नेमकं हेच आकर्षण वाटतं की पैशाचं प्रमाण कुणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर नसावं. फरक एवढाच की तिथे खाणीच्या जागी संगणकाचा नियम आहे आणि आकडा २ कोटी १० लाखांवर थांबतो. खाण मात्र थांबत नाही. १८७० नंतर झालं ते हेच.

विलायतेचा खर्च

१८७१ नंतर जर्मनीनं सोन्याचं चलन धरलं आणि आपली चांदी बाजारात काढली. फ्रान्स आणि त्याच्या शेजाऱ्यांनी चांदीची नाणी पाडणं थांबवलं. त्याच काळात अमेरिकेत नेवाडाच्या खाणींतून चांदीचा पूर आला. सोन्याच्या हिशेबात चांदी घसरत गेली, आणि चांदीला बांधलेला रुपयाही तिच्याबरोबर घसरला. १८७० च्या सुमारास एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग, म्हणजे २४ पेन्स मिळायचे. १८९२-९३ मध्ये ते १५ पेन्सच्या आसपास आले. त्या वेळची मराठी वर्तमानपत्रं या दराला हुंडणावळ म्हणत. शब्द फार चांगला आहे, मी तोच वापरते.

देशाच्या आत, कोल्हापूरच्या बाजारात गूळ विकणाऱ्याला याची झळ फारशी नव्हती. त्याचा रुपया त्याच्या हातात तोळाभर चांदीच होता. झळ बसली सरकारला. दर वर्षी लंडनला सोन्यात पैसे पाठवायचे असत. रेल्वे कंपन्यांच्या हमीचं व्याज, कर्जाचं व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शनं, सैन्याचा खर्च, थेट इंडिया ऑफिस, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणारी लंडनमधली कचेरी, चालवण्याचा खर्च, हे सगळं हिंदी रयतेच्या नावे. याला विलायतेचा खर्च म्हणत. १८९२-९३ मध्ये या खर्चासाठी सुमारे १ कोटी ६५ लाख पौंड पाठवले गेले आणि त्यासाठी २६ कोटींवर रुपये लागले. वीस वर्षांपूर्वीच्या हुंडणावळीनं तेच काम पावणेअठरा कोटींत झालं असतं. पावणेनऊ कोटींचा फरक, आणि त्याच्या बदल्यात हिंदुस्थानला सुतळीचा तोडाही जास्त मिळाला नव्हता.

सरकारसमोर वाटा तशा थोड्या होत्या. कर वाढवायचे, पण दुष्काळांनी पिचलेल्या रयतेवर किती वाढवणार? विलायतेचा खर्च कमी करायचा, पण तो मुद्दा लंडनमध्ये कुणाला ऐकायचाच नव्हता. सोनं आणि चांदी यांचं प्रमाण सगळ्या देशांनी मिळून ठरवायचं, तर १८९२ च्या अखेरीस ब्रुसेल्सला भरलेली परिषद काही न ठरवता उठली. उरली एक वाट. रुपयाची चांदीशी असलेली गाठच सोडायची.

ही वाट कुणाला हवी होती, हेही नोंदवायला हवं. पगारातला भाग घरी इंग्लंडला पाठवणारे गोरे अधिकारी आणि युरोपियन व्यापाऱ्यांची नव्यानं स्थापन झालेली चलनसंघटना यांनी जोर लावला होता. अधिकाऱ्यांना तर १८९३ मध्ये हुंडणावळीतल्या तोट्याची भरपाई म्हणून भत्ताही मिळाला. तो भत्ता त्याच रयतेच्या पैशातून गेला. दादाभाई नौरोजी त्या वेळी इंग्लंडच्या पार्लमेंटात होते आणि त्यांचा टाकसाळ बंद करण्याला सक्त विरोध होता. चीनला सूत पाठवणारे मुंबईचे गिरणीवाले धास्तावलेले होते. शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही. कायदेमंडळात त्याचा माणूसच नव्हता.

२६ जून १८९३

या प्रश्नासाठी नेमलेल्या लॉर्ड हर्शेल यांच्या समितीनं मान डोलावली आणि व्हाइसरॉय लॅन्सडाउन यांच्या सिमल्याच्या कौन्सिलात एका बैठकीत कायदा झाला. टाकसाळी लोकांना बंद. सोनं आणून दिलं तर सरकार १६ पेन्सला एक या दरानं रुपये देईल. चांदी आणली तर काही नाही. नवे रुपये पाडायचे की नाही, कधी आणि किती, हे यापुढे सरकार ठरवील.

ठरवल्याबरोबर रुपया वर गेला असं मात्र झालं नाही. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण हुकमानं पैशाची किंमत ठरते असं म्हणणारे तो विसरतात. इंडिया ऑफिस लंडनमध्ये रुपयांच्या हुंड्या विकायचं, म्हणजे तिथे पौंड भरायचे आणि हिंदुस्थानात रुपये घ्यायचे. कायद्यानंतर त्यानं ठरवलेल्या दराखाली हुंड्या विकायला नकार दिला आणि महिनोन्‌महिने फारसं कुणी विकत घेईना. शेवटी नमतं घ्यावं लागलं. १८९४-९५ मध्ये रुपया १३ पेन्सवर उतरला. देशात आधीच पाडलेले रुपये भरपूर होते. टाकसाळ बंद झाली तरी मडक्यांतले, जमिनीत पुरलेले रुपये बंद होत नाहीत.

मग टंचाईनं काम केलं. नवे रुपये नाहीत, व्यापार वाढतो आहे, तिजोरीत कर भरायला रुपयेच लागतात. रुपया दुर्मीळ होत गेला तशी त्याची किंमत चढली. १८९८ मध्ये तो १६ पेन्सला पोचला. त्या वर्षी मुंबईत पैशाची अशी चणचण होती की बँकेचा व्याजदर दहा टक्क्यांच्या वर गेला. प्लेग आधीच शहरात होता. व्यापाऱ्याकडे माल होता, हुंडी होती, गोदामात चांदीसुद्धा असेल, पण चांदी आता पैसा नव्हती.

१६ पेन्सला १६ आणे, म्हणजे आणा आणि पेनी समान. त्यामुळे एक हिशेब डोळ्यांसमोर मांडता येतो. १८९८ मध्ये लंडनला चांदी औंसाला २७ पेन्सच्या आसपास होती. त्या भावानं एका रुपयातली चांदी जेमतेम १० पेन्सची, म्हणजे दहा आण्यांची. वरचे सहा आणे कशाचे? तिजोरी तो कर म्हणून घेते याचे, कोर्ट कर्ज फिटलं म्हणते याचे, आणि सरकार आणखी पाडणार नाही या भरवशाचे. मागणी आणि मर्यादा, दोन्ही मिळून. पैशाचा स्वभाव इतक्या उघडपणे मांडलेला मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

वाळ्यांची किंमत

आता त्या बाईकडे परत जाऊ. तिच्याकडे शंभर तोळे चांदी आहे असं धरू. दोन पिढ्यांनी साठवलेली. १८९२ मध्ये तिची किंमत शंभरेक रुपये होती. १८९८ मध्ये तीच चांदी बाजारात साठ-पासष्ट रुपयांना गेली. तिनं काही केलं नव्हतं. चोरी झाली नव्हती, चांदी झिजली नव्हती. सिमल्याला एक बैठक झाली होती.

शेतसारा मात्र रुपयांत होता आणि रुपयांतच राहिला. मुंबई इलाख्यात रयतवारीच्या पाहणीनं तो तीस-तीस वर्षांसाठी ठरलेला असे. सावकाराचं कर्जही रुपयांतच. म्हणजे देणं जड रुपयाचं आणि साठवण हलक्या चांदीची. त्यातच १८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. ज्यांनी १८७७ मध्ये वाळे मोडून ज्वारी घेतली होती, त्यांच्या मुलींनी १८९७ मध्ये वाळे काढले तेव्हा सराफानं चांदीचा बाजारभाव सांगितला. टाकसाळीचं दार आता त्याच्यासाठीही बंद होतं.

याच काळात सरकारी अंदाजपत्रकात शिल्लक दिसू लागली. २६ मार्च १९०२ ला कलकत्त्याच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले आपल्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी ही शिल्लक उकलून दाखवली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रुपया १३ पेन्सवर होता तेव्हाच्या तुटीसाठी कर वाढवले, रुपया १६ वर गेला, विलायतेचा खर्च रुपयांत घटला, पण कर तसेच राहिले. ही भरभराट नव्हे, ही चलनातून उगवलेली शिल्लक.

कागद घेऊन आपणही करून बघू. एका पौंडाचे २४० पेन्स. १ कोटी ६५ लाख पौंड १३ पेन्सच्या दरानं पाठवायचे तर साडेतीस कोटी रुपये लागतात. १६ पेन्सला पावणेपंचवीस. वर्षाला साडेपाच कोटींच्या वर वाचले. ते वाचले कारण रयतेनं भरलेला प्रत्येक रुपया आधीपेक्षा जड झाला होता. कराचा दर कुठेही वाढला नाही, कुठल्याही मंडळात मतदान झालं नाही, आणि कर वाढला. गोखल्यांनी हे दुष्काळातून आलेल्या लोकांच्या वतीनं, आकडे मांडून, सत्ताधाऱ्यांच्या तोंडावर सांगितलं. ते भाषण आजही प्रत्येक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानं वाचावं असं मला मनापासून वाटतं.

साडेतीन टक्के

आता जकातीकडे. हा भाग सगळ्यांत गुंतागुंतीचा आहे आणि माझ्या मते सगळ्यांत शिकवणाराही.

आधी चीन. मुंबईच्या गिरण्या तेव्हा मुख्यतः जाडं सूत काढत आणि त्यातलं बरंचसं गाठी बांधून चीनला जाई. चीन चांदीवर होता, हिंदुस्थान चांदीवर होता. सोनं वर जावो की खाली, या दोघांतला हिशेब चांदीत चांदी असा सरळ होता. इंग्लंडमधल्या लँकेशायरचं सूत मात्र सोन्यात मोजलेलं, म्हणून चांदीत महाग होत गेलं. वीस वर्षं मुंबईला हा आधार मिळाला आणि परळ-लालबागच्या चिमण्या त्या काळात वाढल्या. टाकसाळ बंद झाली आणि ही सोयरीक तुटली. चिनी व्यापाऱ्याकडे चांदीच होती, आणि आता शंभर रुपयांचं सूत घ्यायला शंभर तोळे पुरेनात. १८९८ च्या भावानं त्याला जवळजवळ एकशे साठ तोळे मोजावे लागणार. गिरणीनं भाव एक पैनंही वाढवलेला नसताना. प्रत्यक्षात गिरण्यांनी भाव पाडले, नफा सोडला, पाळ्या कमी केल्या. पण चीननं मुंबईच्या सुतावर जबर जकात बसवली असती तर याहून वेगळं काय झालं असतं? आणि त्याच सुमाराला जपानच्या गिरण्या चीनच्या दाराशी उभ्या राहत होत्या.

आता घरचा बाजार. १८८२ पासून हिंदुस्थानात आयातीवर जवळजवळ जकातच नव्हती. मँचेस्टरच्या दडपणाखाली ती काढून टाकली होती. १८७९ मध्ये तर जाड्या कापडावरची जकात काढण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड लिटननं आपल्याच कौन्सिलातलं बहुमत डावललं होतं. १८९४ मध्ये रुपया पडला, तूट आली, तेव्हा सरकारला पुन्हा ५ टक्के आयात जकात बसवावी लागली. मार्चमध्ये बसवली ती कापूसमाल वगळून. इथे ओरड झाली म्हणून डिसेंबरमध्ये कापूसमालही धरला, पण त्याच दमात देशी गिरण्यांच्या वीस नंबरच्या वरच्या, म्हणजे बारीक, सुतावर ५ टक्के उत्पादन कर लावला. तेवढ्यानंही लँकेशायरचं समाधान होईना. फेब्रुवारी १८९६ मध्ये नवी रचना आली. सुतावरची जकात माफ, बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के, आणि देशी गिरणीच्या प्रत्येक वारावर, जाडा असो की तलम, तेवढाच साडेतीन टक्के कर. हातमाग वगळला होता.

जकात लावली की परदेशी माल महाग होतो आणि देशी मालाला थोडी सावली मिळते. गिऱ्हाइकाला भुर्दंड पडतो, पण निदान कारखाना जगतो. इथे देशी मालावरही तेवढाच कर लावून ती सावली काढून घेतली आणि भुर्दंड फक्त शिल्लक ठेवला. जाडं धोतर लँकेशायर फारसं विकतही नव्हतं. ते नेसणारा गरीब माणूस त्यावर साडेतीन टक्के भरू लागला, ते मँचेस्टरचं मन राखण्यासाठी. टिळकांनी केसरीतून याविरुद्ध रान उठवलं, विलायती कापड घेऊ नका म्हणून सांगितलं. १९०५ च्या स्वदेशीची चर्चा आपण खूप करतो, तिची एक पायरी १८९६ च्या पुण्यात आहे. गोखल्यांनीही १९०२ च्या भाषणात हा कर काढण्याची मागणी केली. तो कर निघायला डिसेंबर १९२५ उजाडला आणि कायद्यातून तो १९२६ मध्ये गेला. तीस वर्षं.

या साडेतीन टक्क्यांवर सभा झाल्या, अग्रलेख झाले, आणि ते बरोबरच होतं. पण हुंडणावळ काय करत होती? एक पौंड किमतीचं मँचेस्टरचं कापड १८९४-९५ मध्ये मुंबई बंदरात साडेअठरा रुपयांच्या आसपास पडत होतं. रुपया १६ पेन्सवर गेल्यावर तेच कापड बरोबर पंधरा रुपयांना. म्हणजे सुमारे १९ टक्क्यांची सूट. जकात साडेतीन टक्के चढवत होती आणि चलन १९ टक्के उतरवत होतं. मजुरी आणि कापसाचे भाव हळूहळू जुळवून घेतात, त्यामुळे हा सगळा फरक कायमचा टिकत नाही, हे मान्य. तरी ज्या तीन-चार वर्षांत हा दर चढला, त्यात मुंबईच्या गिरणीला बंदरावरच्या कुठल्याही जकातीनं वाचवणं शक्य नव्हतं. जकातीवर बोलायला वेशीवर माणूस बसलेला असतो. हुंडणावळीला वेस नसते.

मर्यादा कोणी घालायची

मग टाकसाळ बंद करायलाच नको होती का? मला तसं वाटत नाही. ती उघडी ठेवली असती तर रुपया चांदीबरोबर आणखी घसरला असता, विलायतेचा खर्च आणखी फुगला असता आणि तो शेवटी मीठ आणि शेतसाऱ्यातूनच वसूल झाला असता. नेवाडातल्या खाणकामगाराच्या कुदळीवर कोकणातल्या मिठाचा भाव ठरावा, यातही काही शहाणपण नव्हतं.

या प्रकरणाचा सगळ्यांत खोल विचार केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या त्यांच्या प्रबंधाचा विषयच हा होता आणि तो १९२३ मध्ये पुस्तकरूपानं आला. टाकसाळ बंद झाली यावर त्यांचा राग नव्हता. १९०० पासून सरकारनं पुन्हा मोठ्या प्रमाणावर रुपये पाडायला घेतले, दर रुपयामागे पाच-सहा आणे नफा लंडनच्या सुवर्ण राखीव निधीत टाकला, आणि किती पाडायचे याला कायद्याचं बंधनच ठेवलं नाही, यावर होता. रुपयाचं सोन्यात रूपांतर होत नाही आणि संख्येला मर्यादाही नाही, असं चलन राज्यकर्त्याच्या मर्जीवर राहतं. त्यांना हवी होती कायद्यानं बांधलेली मर्यादा. बाहेरची हुंडणावळ स्थिर ठेवण्यापेक्षा आत रुपयाला किती धान्य येतं ते स्थिर असणं महत्त्वाचं, हेही त्यांनी ठासून सांगितलं. १९२५ मध्ये चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनपुढेही त्यांनी साक्ष दिली. ज्या समाजाची साठवण पायातल्या चांदीइतकीही नव्हती, त्या समाजातून आलेल्या माणसानं पैशाकडे धान्याच्या बाजूनं पाहिलं, यात मला मोठा अर्थ दिसतो.

कागदावरचं नाणं, फोनवरची नोट

१६ पेन्सच्या रुपयात १६ पेन्सची चांदी भरेल असा दिवसही आला. पहिल्या महायुद्धात चांदी चढत चढत औंसाला ४३ पेन्सवर गेली, आणि त्या भावाला रुपया वितळवणं फायद्याचं झालं. नाणी गायब होऊ लागली. सरकारनं ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट काढली. तिच्यावर चित्र छापलं होतं चांदीच्या रुपयाचं, पंचम जॉर्जच्या मुखवट्यासकट. लोकांनी कागदावर भरवसा ठेवावा म्हणून त्यावर नाणं काढलं. १९१८ मध्ये अमेरिकेनं कायदा करून २० कोटी औंस चांदी विकली तेव्हा कुठे मुंबईतल्या खजिन्याची निभावणी झाली.

१ डिसेंबर २०२२ ला रिझर्व्ह बँकेनं सामान्य लोकांसाठी ई-रुपयाचा, म्हणजे डिजिटल रुपयाचा, प्रयोग सुरू केला, पहिल्या चार शहरांत मुंबई होती. बँकेचं मुख्यालय आणि मुंबईची टाकसाळ फोर्टात समोरासमोर आहेत. ई-रुपयाचं अॅप उघडलं की पडद्यावर नोटांची आणि नाण्यांची चित्रं दिसतात, दहाची, पन्नासची, शंभरची. १९१७ मध्ये कागदावर नाणं, आता काचेवर नोट. मार्च २०२५ अखेर सुमारे एक हजार कोटींचे ई-रुपये चलनात होते, नोटांच्या ढिगापुढे ते चिमूटभरच. पण १९०१ च्या माझ्या नाण्याची जी जात, तीच याची. तिजोरी घेते म्हणून तो पैसा. बिटकॉइनवर आपली तिजोरी १ एप्रिल २०२२ पासून नफ्याचे ३० टक्के कर घेते, आणि तो घेते रुपयांत. पैसा कोणता आणि मालमत्ता कोणती, हे तिथेच ठरतं.

ई-रुपयात मात्र एक गोष्ट नवी आहे. तो कशासाठी खर्च व्हावा, किती दिवसांत व्हावा, हे त्याच्यातच लिहून ठेवता येतं आणि तसे प्रयोगही झाले आहेत. बियाण्याचे पैसे बियाण्यालाच जावेत, हे ऐकायला बरं वाटतं. पण ज्या घरात बियाण्याआधी दवाखाना येतो, तिथे वाळे मोडण्याचं स्वातंत्र्य काय मोलाचं होतं हे कळतं. ही अट कोण घालणार, कुठल्या कायद्यानं आणि किती मर्यादेत, हे आज, प्रयोग चिमूटभर असतानाच ठरलं पाहिजे.

आणि जकात? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ आणि २७ ऑगस्टपासून एकूण ५० टक्के शुल्क लावलं. या वेळी रुपया सैल होता. महिनाअखेरीला डॉलरला ८८ च्या पुढे गेला, डिसेंबरात ९० ओलांडून गेला. १८९३ नंतर रुपयानं गिरणीवर वजन टाकलं होतं, या वेळी त्यानं थोडं उचललं. अगदी थोडं, कारण दोन-तीन टक्क्यांनी पन्नास टक्के झाकत नाहीत. सोलापूरच्या टॉवेलवाल्यांची काळजी त्यानं मिटणार नव्हती.

गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून सरकारनं १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. गिरणीच्या बाजूनं ते समजण्यासारखं होतं. पण विदर्भात बोंडं फुटायचा आणि वेचणीचा काळ नेमका तोच. दसरा-दिवाळीला पहिली वेचणी घरात येते, कृषी केंद्राची उधारी आणि मजुरी त्याच कापसातून भागते, आणि ज्याला थांबता येत नाही तो मिळेल त्या भावाला देऊन टाकतो. सवलत संपायची ती डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी संपणार होती. तोवर यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा कापूस गाडीत भरून गेलेला असतो.